उरलेलं लोखंड, उरलेला हात

(दृश्य: लाकडी खोका. आत राउंड बारचे तुकडे, पट्ट्या, पितळेचे दोन ठोकळे.)

मोठ्या वर्कशॉपमध्ये हे तुकडे भंगारात जातात. घरच्या लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून तासणाऱ्या यंत्रावर, हौसेनं काम करणाऱ्याला मात्र ते बघितले की हात लावल्याशिवाय राहवत नाही. बार विकत घ्यायचा तर तो मीटरच्या मापात मिळतो, आणि खेळण्यातल्या वाफेच्या इंजिनाचं चाक बनवायला लागतो बोटभर जाडीचा तुकडा. उरलेला बार वर्षानुवर्षं कोपऱ्यात उभा असतो. घरच्यांची बोलणी खातो, गंजही खातो. मग एक जण दुसऱ्याला विचारतो, तुझ्याकडे जाड ॲल्युमिनियम आहे का, माझ्याकडे पितळ पडलंय. पैसे बहुधा फक्त पार्सलचे द्यायचे. बाकी हिशेब कोणी ठेवत नाही.

पण हा खोका आज ज्यांच्याकडे निघालाय, त्यांना डावा हात कोपराखाली नाही. त्यामुळे तो भरताना दोन-चार गोष्टी वेगळ्या कराव्या लागल्या.

(दृश्य: ग्राइंडरवर तुकडा टेकतो. ठिणग्या उडतात.)

पहिली गोष्ट, धातूची ओळख. भंगारातल्या बारवर नाव लिहिलेलं नसतं, असलं तर बहुतेक वेळा तेच टोक आधी कापून गेलेलं असतं. मग ठिणग्यांवरून अंदाज घ्यायचा. साध्या एमएसच्या, म्हणजे कमी कार्बनच्या मऊ पोलादाच्या, ठिणग्या लांब, सरळ, आणि टोकाला फुटणारी फुलं थोडीच. कार्बन जास्त असला की ठिणगी आखूड होते आणि फुलबाजीसारखी फुटते. बिडाची ठिणगी लालसर नि आखूड. ॲल्युमिनियमला ठिणगीच नाही, आणि त्यासाठी ग्राइंडरचा दगड खराब करूही नये. तो मऊ धातूनं भरून जातो. चुंबक चिकटला नाही म्हणून तुकडा ॲल्युमिनियमचाच, असंही धरून चालायचं नाही. मॅग्नेशियम दिसायला तसंच असतं, वजनाला आणखी हलकं, आणि त्याचा बारीक कीस पेटला तर पाणी ओतून आग भडकते. ज्याची ओळख पटली नाही तो तुकडा खोक्यात जात नाही. ज्याची पटली, त्यावर मार्करनं लिहायचं. पाइपावर जस्ताचा मुलामा असेल तर तेही लिहायचं, कारण तो वेल्डिंगला घेतला की धुरानं ताप भरतो.

दुसरी गोष्ट आम्हाला शूटिंगच्या वेळीच कळली. पाठवणारा प्रत्येक तुकड्याच्या कडा कानशीनं मारत होता. एरवी हे काम ज्याचं त्यानं करावं असा रिवाज. कापलेल्या कडेला धारदार बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कोर, राहते, तुकडा उचलताना बोटाला चीर पडते, माणूस शिवी हासडतो आणि चिकटपट्टी लावून पुढे जातो. ज्याला एकच हात आहे त्याच्या तळव्याला चीर पडली, तर आंघोळीपासून जेवणापर्यंत सगळं अडतं. कानशीचे चार हात मारायला मिनिटही लागत नाही.

तिसरी गोष्ट, माप. हॅक्सॉनं बार कापायला दोन हात लागतात, त्यात पुन्हा अंगाचा जोर. म्हणून तुकडे आधीच विचारून, कापून पाठवतात. वजनाचाही विचार होतो. 25 मिलिमीटर जाडीचा, 100 मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा साधारण 385 ग्रॅम भरतो. तेवढाच ॲल्युमिनियमचा 135 ग्रॅमच्या आत. एका हातानं चकमध्ये, म्हणजे लेथच्या तुकडा पकडणाऱ्या जबड्यात, धरून त्याच हातानं चक आवळायचा असेल, तर हा फरक मनगटाला कळतो.

(दृश्य: कृत्रिम हाताचा हुक. रबरी कडी ताणली जाते.)

आता हा हुक बघा. यात मोटर नाही, बॅटरी नाही. पाठीवरून पट्टा जातो, पट्ट्याला केबल. सायकलच्या ब्रेकची असते तशीच, नळीत सरकणारी. खांदा पुढे केला की केबल ताणते आणि हुकाची दोन बोटं उघडतात. खांदा सैल सोडला की रबर ती मिटवतं. एका रबरामागे पकड साधारण अर्ध्या किलोची. जड काम असेल तर जास्त रबरं चढवायची, पण मग प्रत्येक वेळी उघडायलाही खांद्याला तेवढाच जोर लागतो. हुक दिसायला बोटांचा हात नाही, म्हणून बघणाऱ्याला तो ओबडधोबड वाटतो. वर्कशॉपमध्ये मात्र तो रबरी कातडीच्या देखण्या हातापेक्षा कामाचा, असं आमचं स्पष्ट मत झालं. नट उचलतो, तेलात बुडतो, पुसला की साफ.

अशा दुभंगलेल्या हुकाचं अमेरिकन पेटंट 1912 सालचं, डेव्हिड डॉरन्स यांच्या नावावर. त्यांचा स्वतःचा हात लाकडाच्या गिरणीत गेला होता. त्याच्या किती तरी आधी, 1504 मध्ये, जर्मन सरदार गोट्झ फॉन बर्लिशिंगेन लढाईत हात गमावून बसला आणि त्यानं लोखंडी हात करवून घेतला. त्याची बोटं दातेरी चाकांवर अडकून राहायची आणि कळ दाबली की सुटायची. फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआज पारे यांच्या आराखड्यांवरून सोळाव्या शतकात यांत्रिक हात घडवले ते पॅरिसमधल्या एका कुलूपवाल्यानं. आणि अगदी अलीकडे, 2011 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतले सुतार रिचर्ड व्हॅन ॲस यांची बोटं करवतीत गेली. त्यांनी अमेरिकेतल्या आयव्हन ओवेन यांना गाठलं, दोघांनी दूरवरून मिळून यांत्रिक बोटं बनवली आणि त्रिमितीय छपाईचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. हात बनवण्याच्या या गोष्टीत डॉक्टरांइतकेच लोहार, कुलूपवाले आणि सुतार आहेत.

(दृश्य: हुक फिरवून काढला जातो. मनगटाच्या जागी आटे दिसतात.)

हौशी माणसाचे डोळे इथे चमकतात. हुक मनगटात फक्त आट्यांवर बसतो. अमेरिकेत रूढ असलेलं माप अर्धा इंच व्यासाचं, इंचाला 20 आटे. म्हणजे 12.7 मिलिमीटरचा खुंटा लेथवर काढायचा, त्यावर आटे पाडणारी डाय फिरवायची, आणि दुसऱ्या टोकाला हवं ते हत्यार बसवायचं. कानशीचं पुढचं टोक धरणारा खोबणीचा कप. छिन्नी पकडणारी नळी. लेथच्या चाकाच्या मुठीवर अलगद बसणारी कडी. खोक्यातले ते बोटभर तुकडे यासाठीच आहेत. सगळीकडे हाच आटा नसतो, तेव्हा आधी आट्यांचं माप सांगणारा थ्रेड गेज लावायचा. आणि ठोके, हिसके बसणारं काम असेल तर कृत्रिम हात बसवणाऱ्या तज्ज्ञाला विचारायचं, कारण तो जोर शेवटी सॉकेटमधून, म्हणजे उरलेल्या हातावर चढणाऱ्या खोळीतून, कातडीवर येतो.

फिरत्या यंत्राजवळ हा हुक नेऊ नये. लेथवर हातमोजे घालू नयेत असं शिकवतात, कारण मोजा अडकला की हातही ओढला जातो. हुकाचं त्याहून वाईट: त्याला स्पर्श कळत नाही, तो फाटत नाही, आणि वर पट्ट्यानं पाठीशी बांधलेला आहे. केबल बाहीच्या आत, यंत्र चालू असताना हुक मागे, चालू-बंदचं बटण चांगल्या हाताशी. हुक धातूचा असल्यामुळे उघड्या वायरीपासूनही तो लांबच ठेवायचा.

बाकीची सोय यंत्राला शिकवायची. वळवून आवळायच्या शिकंज्याऐवजी एका दाबात बसणारा टॉगल क्लॅम्प. ड्रिलला चावीविना आवळणारा चक. ड्रिलखाली तुकडा आवळून धरणारा व्हाइस टेबलाला बोल्टनं पक्का. तो हातात धरायचा नाही, हे दोन हातवाल्यांनाही लागू आहे.

(दृश्य: लेथसमोर उंच स्टूल.)

पाय गेलेल्यांची अडचण निराळी. लेथचं काम उभ्यानं, आणि तासन्‌तास उभं राहिलं की सॉकेटमध्ये घाम साठून कातडी सोलवटते. म्हणून उंच स्टूल आणि लेथला त्या मापाचं बैठं टेबल. कृत्रिम पावलावर पडलेला गरम कीस जाणवत नाही. बुटाचा वास येईपर्यंत पत्ता लागत नाही. बूटही मनाला येईल तो घालता येत नाही. पाऊल एका ठरावीक टाचेच्या उंचीला जुळवलेलं असतं, जाड टाचेचा सुरक्षा बूट चढवला की गुडघा पुढे ढकलला जातो. तेव्हा आधी जुन्या बुटाची टाच मोजायची, मग नवा बूट घ्यायचा. आणि नाहीच जुळला तर पाऊल तज्ज्ञाकडून पुन्हा जुळवून घ्यायचं.