गाडी बोलस

(दृश्य: सकाळचा घाट, उताराची वळणं. गाडीची डावी काच खाली.)

हा आवाज नीट ऐका. वळण येतं, ब्रेकवर पाय जातो आणि डाव्या पुढच्या चाकातून... घर्रर्र. पाय उचलला की बंद. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

हा कन्नडचा घाट. कागदोपत्री औट्रम घाट. अजिंठा-सातमाळ्याची रांग इथे उतरते आणि खाली चाळीसगावापासून खानदेश सुरू होतो. उतारावर गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या दोन चाकांवर पडतं. गाडी एका शिक्षकांची. दर आठवड्याला याच रस्त्यानं जातात, येतात.

(दृश्य: रस्त्याकडेचं गॅरेज. मिस्तरी हात पुसत बाहेर येतात.)

मिस्तरींनी जॅकला हात लावलेला नाही. आधी प्रश्न.

"सर, आवाज ब्रेक मारावर येस का तसाच येस?"

अर्धं निदान या एका प्रश्नात आहे. ब्रेक न मारताही घूं घूं येत असेल, वेगाबरोबर वाढत असेल, वळणावर बदलत असेल, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर. सतत खरखर असेल, तर कामाच्या रस्त्यावरची खडी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी तबकडी) आणि तिच्यामागच्या पत्र्यात अडकलेली असू शकते. रात्री पाऊस झाला, सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरले आणि मग शांत झाले, तर तो डिस्कवरचा हलका गंज. त्याला औषध लागत नाही.

इथे आवाज ब्रेक मारल्यावरच येतो, आणि दर वेळी येतो. आता चाक खोलायचं.

(दृश्य: नट ढिले होतात, मग गाडी वर उचलली जाते. खाली स्टँड.)

क्रम बघून ठेवा. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट ढिले केले, मग जॅक, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली स्टँड. यात दोन मिनिटं जास्त जातात. ती दिलीच पाहिजेत.

(दृश्य: डिस्क अगदी जवळून.)

ही डिस्क. गुळगुळीत असायला हवी होती. मिस्तरी नख आडवं फिरवतात, नख प्रत्येक चरीत अडकतं.

डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबतात ते पॅड. बाहेरच्या बाजूचा पाहा. चांगला जाड दिसतो. चाकाच्या फटीतून टॉर्च मारला असता तर हाच दिसला असता आणि पॅड ठीक आहेत असं सांगून गाडी परत गेली असती. खरी गोष्ट आतल्या पॅडवर आहे.

(दृश्य: दोन्ही पॅड तळहातावर, शेजारी शेजारी.)

नव्या पॅडवर घासणारा मसाला साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो. 3 मिलिमीटर उरला की बदलायचा. या आतल्या पॅडवर काहीच उरलेलं नाही, नुसती लोखंडी पाटी. लोखंडावर लोखंड. घाटातला आवाज तो हाच.

पॅडच्या कडेची ही पातळ पट्टी दिसते? मसाला संपत आला की ती डिस्कला टेकते आणि बारीक ची-ची करते. सरांना आठवतं, पोळ्याच्या सुमारास असा आवाज येत होता. धूळ गेली असेल असं वाटून राहून गेलं.

पण दोन पॅड, एकच चाक, आणि झीज एवढी वेगळी का? मिस्तरी नव्या पॅडचं खोकं अजून उघडत नाहीत. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, सोडवतात, तारेनं वर बांधतात, रबरी नळीवर लोंबू देत नाहीत.

(दृश्य: पिन पान्यानं फिरवून बाहेर काढली जाते. लालसर गंज.)

दोष इथे आहे. ज्या पिनांवर कॅलिपर मागेपुढे सरकतो, त्यातली ही एक. तिच्यावरचं रबर फाटलं, आत पाणी आणि काळ्या मातीचा गारा गेला, पिन जाम झाली. कॅलिपरमधला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, आतल्या पॅडला दाबत राहिला, बाहेरचा पॅड नुसता बसून.

"पॅड मरना नही सर, त्याले मारेल शे."

नुसते पॅड बदलले असते, तर काही महिन्यांत हीच गाडी इथेच उभी असती. म्हणून आधी पिन. गंज काढला, रबर नवं घातलं, वर सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस उष्णतेनं वितळतं आणि रबर फुगवतं. ब्रेकची काळी धूळ ओल्या फडक्यानं पुसली. हवा मारली तर ती श्वासात जाते.

डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. मायक्रोमीटर त्याच्याखाली दाखवतो आहे, म्हणजे लेथवर मारून भागणार नाही. डिस्क नव्या, पॅड नवे, दोन्ही चाकांचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी ओढते.

(दृश्य: शिकंज्यानं पिस्टन हळूहळू आत.)

ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडं, नजर पातळीवर, कारण पिस्टन आत गेला की ऑइल वर चढतं. पिस्टन अडखळत नाही. कॅलिपर वाचला.

नव्या डिस्कवरचा तेलाचा थर पुसला, जोडणी झाली, नट समोरासमोरचे आवळले. गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सात वेळा दाबलं. पहिला दाब पोकळच जातो.

आधीच्या, मसाला संपलेल्या ब्रेकवर घाटात गाडी थांबायला अंतर जास्त लागतं.

(दृश्य: गावाबाहेरचा मोकळा रस्ता. मिस्तरी चालवत आहेत, सर शेजारी.)

ताशी 50 वरून 10 वर, बेताचा ब्रेक, थोडी उसंत, पुन्हा. आठ-दहा वेळा. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात ते असे. पुढचे 200-300 किलोमीटर विनाकारण करकचून ब्रेक मारायचा नाही, एवढं सरांना सांगितलं आहे.

मिस्तरी काच खाली करतात. ब्रेक मारतात. कान बाहेर.

"आते?"

सर मान हलवतात. जुना पॅड अजून त्यांच्या मुठीत आहे.