एकादशीची भरती, आक्षीचा किनारा

(दृश्य: ओहोटी. दूरवर पाण्याच्या काठाने पळणारे ठिपके.)

अलिबागजवळचं आक्षी. ऑगस्ट सरत आलाय आणि चिखल्या, तुतारी असे किनारपक्षी उत्तरेकडून उतरू लागलेत. आधी येतात ते प्रौढ. विणीचा तांबूस रंग अजून अंगावर, पण पिसं झिजलेली. मागून येतात यंदाची पिल्लं. त्यांच्या प्रत्येक पिसाला फिकट काठ असतो, म्हणून पाठ खवल्याखवल्यांची दिसते.

यांचे फोटो काढायचे, तर कॅमेऱ्याआधी पंचांग उघडा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतं, तेव्हा भरतीचं कोष्टकही बघाच. उधाण बघून पौर्णिमेला गेलात, तर पाणी भरेपर्यंत ऊन डोक्यावर. इथे समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळचं ऊन आपल्या पाठीवरून थेट पक्ष्यावर पडतं. चढतं पाणी आणि हे ऊन एकत्र मिळतं ते एकादशी-द्वादशीला. अर्थात, पावसाने कृपा केली तर.

(दृश्य: वाळूवर पालथा छायाचित्रकार.)

भरतीच्या दोन तास आधी पोचा आणि आडवे व्हा. पक्ष्यांच्या मागे जाऊ नका. पाणीच त्यांना तुमच्याकडे आणतं. खाणं थांबवून सगळ्यांनी माना वर केल्या, की तुम्ही फार जवळ गेलात. तिथेच थांबा. मात्र पाठीमागच्या सखल पट्ट्यात पाणी शिरतंय का, यावर लक्ष हवं.

लेन्स वाळूपासून वीतभर उंच. जुन्या तव्याला मधोमध भोक पाडून बोल्टाने बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवणारी गोल खुंटी) बसवला, की तवा वाळूवर सरकतो, रुतत नाही. ६०० मिमी लेन्स, एफ ६.३, पक्षी १० मीटरवर: फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १० सेंटीमीटरचा. फोकस पुढच्या लाटेवर अडकतो, म्हणून एकच छोटा बिंदू डोळ्यावर धरा. चरताना शटर १/१००० पुरतं, उडताना १/२५००. ओल्या काळपट वाळूमुळे कॅमेरा फसतो आणि पक्ष्याचं पांढरं पोट जळतं, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) अर्धा स्टॉप, म्हणजे अर्धी पायरी, उतरवा.

साडेनऊनंतर वाळू तापली की हवा थरथरते. मग महागडी लेन्सही फोटो पुसटच देते. जवळचाच पक्षी टिपा किंवा आवरा.

पाय चौकटीबाहेर कापू नका. पायात कडी किंवा रंगीत पट्टी असेल, तर त्यावरची अक्षरं अभ्यासकांच्या कामाची असतात.

परतल्यावर लेन्सची नळी आधी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या फडक्याने मिठाचे कण घासले जातात.