पोटाला पडलेली खिडकी

(दृश्य: मोठं सरोवर, बेटावरचा जुना किल्ला)

६ जून १८२२. अमेरिकेच्या उत्तर टोकाजवळचं मॅकिनॉ बेट. फरच्या व्यापाराचं दुकान माणसांनी भरलंय. कुणाच्या तरी हातातली बंदूक चुकून उडते आणि अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कॅनडियन नावाड्याला अगदी जवळून छर्रे लागतात, डाव्या बरगड्यांपाशी. किल्ल्यावरचे लष्करी सर्जन विल्यम बोमाँट धावत येतात. पोरगा काही जगत नाही, असंच त्यांना वाटतं.

पण तो जगतो. जखम मात्र पुरती बुजत नाही. जठराची कड कातडीला चिकटते आणि पोटावर कायमचं भोक राहतं. सुरुवातीला तर खाल्लेलं तिथूनच बाहेर यायचं.

(दृश्य: रेशमी दोरा, त्याला ओळीने बांधलेले तुकडे)

ऑगस्ट १८२५. बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचे वेगवेगळे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून भोकातून आत सोडतात. तासाभराने दोरा ओढून बघतात. पाव आणि कोबी निम्मे विरलेत, मांस जसंच्या तसं. दोरा पुन्हा आत!

अन्न पोटात दळलं जातं, कुजतं की आणखी काही होतं, यावर तेव्हा विद्वानांत वाद होता. बोमाँटनी नळीने जठररस काढला, बाटलीत मांसाच्या तुकड्यावर ओतला आणि बाटली अंगाइतकी कोमट ठेवली. काही तासांत मांस विरघळलं. ना दळण, ना कुजणं; काम रसाचं. हा रस रिकाम्या पोटात साठून राहत नाही, अन्न पडलं की पाझरतो, हेही त्यांनी पाहिलं. आणि अलेक्सिस चिडला की पचन बिघडायचं. चिडायला त्याला कारणंही पुष्कळ होती.

(दृश्य: आतड्याचं आकृतिचित्र)

अर्थात, खिडकीतून दिसलं ते फक्त जठर. पोळी-भातातल्या स्टार्चवर तोंडातली लाळच काम सुरू करते. प्रथिनांची मोडतोड जठरात सुरू होते. तेल-तुपाला पित्त लागतं, ते लहान आतड्यात येऊन मिळतं. जेवण खऱ्या अर्थाने अंगी लागतं तेही तिथेच, सुमारे सहा मीटरच्या त्या वेटोळ्यांत.

(दृश्य: १८३३ च्या पुस्तकाचं मुखपृष्ठ)

१८३३ मध्ये बोमाँटनी २३८ प्रयोग आणि निरीक्षणं छापली आणि त्यांचं नाव झालं. अलेक्सिस करारावर राबला, डॉक्टरांच्या घरची लाकडंही फोडली. मधूनमधून तो कॅनडाला निघून जायचा. पुढे तो कायमचा गेला. बोमाँटनी पत्रं धाडली, पैसे देऊ केले, तो आला नाही. त्याच्या जागी आपण तरी गेलो असतो का?

१८८० मध्ये तो वारला, बोमाँटनंतर २७ वर्षांनी. विल्यम ऑस्लर या नामांकित डॉक्टरांना त्याचं जठर संग्रहालयासाठी हवं होतं. घरच्यांनी उन्हाळ्यात प्रेत मुद्दाम कुजू दिलं, नेहमीपेक्षा खोल खड्डा खणला आणि मगच पुरलं.