हातचा आणि आईचं ताट

नमस्कार श्रोतेहो.

तिसरीतलं मूल बेरीज करतं, हातचा एक घेतं आणि पुढच्या घरात जाईपर्यंत तो विसरतं. बाई म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात टीव्ही बंद करा. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण हातचा लक्षात ठेवणाऱ्या मेंदूची घडण आईच्या पोटातच सुरू होते, आणि आईच्या ताटात काय होतं याचा तिच्याशी संबंध आहे. यावरचा एक मोठा अभ्यास आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत झालाय.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा गावांतल्या बायकांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, तीही दिवस राहण्याआधीपासून. त्या काय खातात, किती राबतात, रक्तात काय कमी आहे, सगळं टिपलं. या बायकांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. ज्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं अंगानं चांगली निघाली. आणि जवळजवळ दोन-तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं.

ती बाळं नऊ वर्षांची झाल्यावर संशोधकांनी त्यांच्यातल्या काही मुलांच्या चाचण्या घेतल्या. एक चाचणी अगदी साधी. मुलाला आकडे सांगायचे, ५, ८, २, आणि उलटे म्हणायला लावायचे: २, ८, ५. मग आकडे वाढवत न्यायचे. गरोदरपणात ज्यांच्या आईचं बी-१२ कमी होतं, ती मुलं या चाचणीत मागे पडली. लक्ष टिकवून करायच्या कामातही त्यांना जास्त वेळ लागला. बाकी बुद्धीच्या चाचण्यांत मात्र फरक दिसला नाही, हेही सांगायलाच हवं. म्हणजे मूल हुशारच असतं. अडतं ते लक्ष आणि आठवण यांच्याशी. आता आठवून बघा, पाढे, शुद्धलेखन, तोंडी गणित, वर्गातलं काय काय त्याच दोन गोष्टींवर चालतं.

मज्जातंतूंभोवती जे आवरण असतं, ते नीट तयार व्हायला बी-१२ लागतं. ते भाकरीत नाही, डाळीत नाही, मेथीतही नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच ते मिळतं. शिरूरकडच्या वस्त्यांवर पहाटे मी पाहिलेलं सांगते. सून धार काढते, किटली भरते, दूध डेअरीवर जातं. घरात राहतं ते पावशेर. त्यातलं सासऱ्यांच्या चहाला, मुलांच्या कपात, आणि सातव्या महिन्यातली ती सून कोरा चहा पिऊन भाकरी थापायला बसते. घरात कुणी दुष्ट नसतं. तशी रीतच पडलेली असते, आणि ती मोडणं सासूबाईंच्या आणि नवऱ्याच्या हातात आहे. गरोदर बाईला ‘तू नीट खा’ असं सांगून भागत नाही. तिच्या वाटचं आधी काढून ठेवावं लागतं.

‘जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल’, असं आजही घरोघरी ऐकू येतं. कृपा करून हे म्हणू नका. आपल्याकडे काळजी बाळ लहान राहण्याची आहे.

फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची गोष्ट याहून घाईची. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी नीट मिटायला ते लागतं, आणि ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. म्हणून त्या गोळ्या आधीच सुरू करायच्या, डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून. लोहाच्या गोळ्या गरोदरपणात रोज एक, किमान १८० दिवस. चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौच काळं झालं तर घाबरून त्या बंद करू नका.

याचा शाळेशी संबंध किती लांबवर जातो? हैदराबादजवळच्या काही गावांत १९८७ ते १९९० या काळात अंगणवाडीतून गरोदर बायकांना आणि लहानग्यांना पूरक आहार मिळाला, शेजारच्या गावांत तो पोचला नव्हता. पुढे ती मुलं मोठी झाल्यावर पाहिलं, तर आहार पोचलेल्या गावांतली जास्त शिकलेली होती.

ज्या आयांना हे मिळालं नाही, त्यांनी जीवाला लावून घेऊ नये. घरातलं बोलणं, गोष्टी, चांगली शाळा, मुलाचं स्वतःचं खाणं, या सगळ्यांनी पुष्कळ भरून निघतं.

पुण्यातल्या त्याच अभ्यासातल्या काही मुलामुलींना किशोरवयाच्या शेवटी बी-१२ च्या गोळ्या दिल्या गेल्या, रोज फक्त दोन मायक्रोग्रॅम. त्यांच्यातल्या ज्या मुली पुढे आई झाल्या, त्यांची बाळं दोन वर्षांची असताना समज आणि भाषा या दोन्हींत उजवी दिसली. संख्या लहान होती, तरी दिशा स्पष्ट आहे. तेव्हा घरात पंधरा-सोळा वर्षांची लेक असेल, तर शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेते का, ते विचारा. त्या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. त्यासाठी तिला रोज वाटीभर दही द्या, आणि घरात चालत असेल तर एक अंडंही.