शेताला कान लावून

नमस्कार श्रोतेहो. आज ज्या छंदाबद्दल बोलणार आहे, तो रेडिओला फार सोयीचा. कारण मेटल डिटेक्टर घेऊन जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधण्याचा हा छंद मुळात कानाचाच आहे.

अमेरिकेच्या ईशान्य भागात, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, ऱ्होड आयलंड या राज्यांत, पीक निघाल्यावर मोकळ्या शेतात कधीकधी एखादा माणूस एकटाच फिरताना दिसतो. कानांवर हेडफोन, हातात लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती. केर काढावा तशी तो ती चकती जमिनीलगत इकडून तिकडे फिरवत राहतो. मध्येच थांबतो, तीच जागा दोनतीनदा तपासतो, मग गुडघ्यावर बसून खणायला लागतो. बहुतेक वेळा हाताला लागतो तो गंजका खिळा. पण एखाद्या वेळी निघतं ते अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या कोटाचं बटण.

या मेटल डिटेक्टरच्या चकतीत तारांची वेटोळी असतात. त्यांतून सतत बदलता विद्युतप्रवाह जातो आणि खालच्या मातीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथे धातू असला, की त्याच्यात लहानसे प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र चकतीपर्यंत परत येतं, पण किंचित उशिरा. या उशिरावरून आणि क्षेत्राच्या जोरावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं आणि तो आपल्याला सुरात सांगतं. लोखंड खर्जात घरघरतं. चांदीचं चांगलं नाणं तार सप्तकात वाजतं. शिसं, पितळी बटणं आणि शीतपेयांच्या डब्यांच्या ॲल्युमिनियमच्या कड्या मात्र मधल्या सुरांत एकमेकांत मिसळून जातात. या कड्यांनी या छंदातल्या माणसांचा जितका वेळ खाल्ला असेल, तितका दुसऱ्या कशानेच खाल्ला नसेल. शिवाय साधं नाणंसुद्धा साधारण वीतभर खोलीपर्यंतच नीट ऐकू येतं.

या यंत्राचं रेडिओशी नातं आहे, म्हणून थोडं विषयांतर करतो. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि ती शरीरातच राहिली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल ती शोधायला असंच एक यंत्र घेऊन गेले होते. गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला, आणि डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली. गोळी काही सापडली नाही. पुढे गेरहार्ड फिशर हे विमानांना रेडिओवरून दिशा दाखवणाऱ्या उपकरणांवर काम करत होते. जमिनीत धातू असला की ती उपकरणं चुकतात, असं त्यांच्या ध्यानात आलं. दुसरा कोणी असता तर ती चूक दुरुस्त करून मोकळा झाला असता. फिशरनी त्या चुकीचंच यंत्र बनवलं आणि १९३७ साली त्याचं पेटंट मिळवलं.

आता शेतात परत येऊ. अमेरिकेतल्या जुन्या इंग्रज वसाहतींच्या शेतांत नाणी सापडतात, पण ती बऱ्याचदा इंग्रजी नसतात. इंग्लंडने वसाहतींना पुरेशी चांदी कधी पाठवली नाही आणि स्वतःची टांकसाळ काढायलाही परवानगी दिली नाही. मॅसॅच्युसेट्सने १६५२ साली बोस्टनमध्ये टांकसाळ काढलीच. पुढची तीस वर्षं तिथे चांदीची नाणी पाडली जात होती, पण पाइन वृक्षाच्या शिलिंगांवर साल कायम १६५२च! त्या साली इंग्लंडच्या गादीवर राजाच नव्हता, तेव्हा परवानगी कोणाची घ्यायची, अशी ही पळवाट होती असं सांगतात. बाकीचा व्यवहार चालायचा तो स्पॅनिश चांदीवर. मेक्सिकोत पाडलेलं आठ रेआलचं नाणं छिन्नीने कापून त्याचे तुकडे सुट्टे म्हणून वापरायचे. हे स्पॅनिश नाणं अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होतं. म्हणून न्यू इंग्लंडच्या, म्हणजे याच ईशान्य भागातल्या, ढेकळातून पोळीच्या चतकोरासारखा चांदीचा तुकडा निघाला, तरी जाणत्या माणसाला नवल वाटत नाही.

नवल वाटावं असं नाणं निघालं ते २०१४ साली, ऱ्होड आयलंडमधल्या मिडलटाउन इथे, एका फळबागेत. तिथे एका हौशी शोधकाला आधी अठराव्या शतकातलं बुटाचं बकल आणि बंदुकीच्या गोळ्या मिळाल्या होत्या. मग एक लहान, काळपट नाणं मिळालं. साफ केल्यावर त्यावर अरबी अक्षरं दिसली. ते १६९३ साली येमेनमध्ये पाडलेलं होतं. इंग्रजांच्या वसाहतीत येमेनचं नाणं आलं कुठून? या शोधकाचा तर्क असा, की ते हेन्री एव्हरी या चाच्याच्या टोळीबरोबर आलं. सप्टेंबर १६९५ मध्ये एव्हरीने औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटलं. मक्केहून यात्रेकरू आणि सोनंचांदी घेऊन ते सुरतेला परतत होतं. सुरतेची लूट म्हटलं की आपल्याला दुसरंच काही आठवतं, पण या लुटीचा फटकाही इंग्रजांना चांगलाच बसला. सुरतेतले ईस्ट इंडिया कंपनीचे लोक कैदेत पडले आणि एव्हरीच्या डोक्यावर आधी पाचशे, मग हजार पौंडांचं इनाम लागलं. तो स्वतः हाती लागलाच नाही. त्याचे काही साथीदार मात्र अमेरिकी वसाहतींत पोचले होते. त्या भागात पुढे आणखी काही ठिकाणी तशीच अरबी नाणी निघाली, म्हणून हा तर्क नुसता हवेतला राहिला नाही. हे एकच नाणं मिळालं असतं, तर गोष्ट फक्त रंजक ठरली असती.

माझा जीव अडकतो तो नेमका इथे. वस्तू खिशात गेली की ती वस्तूच उरते. ती कुठे पडली होती, तिच्याशेजारी काय होतं, हे त्या खड्ड्याबरोबर संपतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मॅसॅच्युसेट्समध्येच आहे. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटलं तेव्हा, लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर ब्रिटिश फौजेने गोळ्या झाडल्या आणि गावच्या शिबंदीतली आठ माणसं मारली गेली. त्याच दुपारी फौज परतताना त्या शिबंदीचा प्रमुख कॅप्टन जॉन पार्कर याने उरलेल्या माणसांनिशी तिला रस्त्यात गाठलं. ही चकमक नक्की कुठे झाली, हे पक्कं माहीत नव्हतं. अलीकडे पुरातत्त्वज्ञांनी तिथल्या राष्ट्रीय उद्यानात मेटल डिटेक्टर लावून जमीन चाळली आणि त्यांना बंदुकीच्या २९ गोळ्या मिळाल्या. प्रत्येक गोळीची जागा नकाशावर टिपली. झाडलेली गोळी आपटून चेपते, हातातून पडलेली गोल राहते. कोणती चेपलेली आणि कोणती गोल, ती कुठे पडली, एवढ्यावरून कोण कुठे उभं होतं ते मांडता आलं. या २९ गोळ्या २९ जणांच्या कपाटांत गेल्या असत्या तर?

अशा सरकारी जमिनीवर खासगी शोधाला बंदीच आहे. १९७९ च्या संघीय कायद्याने तिथली शंभर वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू परवान्याशिवाय काढणं गुन्हा आहे, आणि राष्ट्रीय उद्यानात डिटेक्टर बाळगायलाही मनाई आहे. खासगी शेतात मात्र मालकाची परवानगी पुरते. नांगराने तिथली माती आधीच वरखाली केलेली असते, त्यामुळे अशा शेतातलं नुकसान न नांगरलेल्या रानाइतकं नसतं, हेही मान्य करायला हवं. तरी सापडलेली जागा टिपून ठेवायला वहीचं एक पान पुरतं. आणि हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं कृपा करून घासू नये. त्यावरची अक्षरं बऱ्याचदा त्या हिरव्या थरातच उरलेली असतात.

शेवटी त्या खिळ्याबद्दल. यंत्रावर एक बटण असतं. ते दाबलं की लोखंडाचा आवाज गप्प होतो आणि फक्त गोड सूर ऐकू येतात. नवखा माणूस ते पहिल्या दिवशीच दाबतो. मुरलेला माणूस लोखंड बंद करत नाही. जुन्या लाकडी घरांना हाताने घडवलेले खिळे असत. घर जळालं किंवा पडलं, लाकूड कुजलं, तरी खिळे मातीत राहिले. रिकाम्या दिसणाऱ्या शेतात चालता चालता एका ठिकाणी ती घरघर दाट होऊ लागते. तिथे घर होतं. तिथे तो चकती हळू करतो.