चावडीवरची हजेरी, बोर्डिंगची पंगत

(दृश्य : सातारा, राजवाडा परिसर. सकाळ.)

सातारच्या राजवाड्यात एकेकाळी सरकारी शाळा भरायची. आजचं प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेच्या रजिस्टरात एक नाव चढलं : भिवा रामजी आंबेडकर. मुलगा हुशार होता. पण बसायचं कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर. ते गोणपाट संध्याकाळी परत घरी न्यायचं. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचं, आणि शिपाई नसला तर तहानलेलंच राहायचं.

शाळेने या मुलाला अक्षरं दिली आणि त्याच वर्गात, त्याच मास्तरांसमोर, त्याची ‘पायरी’ही रोज दाखवली. शिक्षण आणि सत्ता एकाच खोलीत कशी नांदतात, ते समजून घ्यायला साताऱ्याइतकं जवळचं गाव आपल्याला सापडणार नाही.

या प्रश्नाचं एक शास्त्र युरोपात उभं राहिलं : सामाजिक शिक्षणशास्त्र. १८४४ मध्ये जर्मनीत कार्ल मागर यांनी ते नाव वापरलं, १८९९ मध्ये पाउल नाटोर्प यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. माणूस समाजातच माणूस होतो, म्हणून शिक्षण हे समाजाचं काम, हा त्यातला गाभा. पण त्याआधीच, १८३३ मध्ये, योहान विखर्न यांनी हॅम्बुर्गजवळ निराधार मुलांसाठी घर काढलं होतं. मुलांचे लहान गट, प्रत्येक गटाला कुटुंबासारखा सांभाळणारा माणूस. माया खरी होती, यात शंका नाही. तिच्या जोडीला एक भीतीही होती : कारखान्यांच्या शहरात वाढणारी ही गरीब पोरं उद्या हाताबाहेर गेली तर? मुलांना वाचवायचं होतं आणि मुलांपासून समाजालाही वाचवायचं होतं. हे दोन हेतू त्या शास्त्रात सुरुवातीपासून एकमेकांत गुंतलेले आहेत. नाझी राजवटीत त्यांतला एकच उरला. ‘वळण न लागणाऱ्या’ मुलांसाठी १९४० मध्ये जर्मनीतल्या मोरिंगेनला थेट छावणी उघडली गेली.

(दृश्य : वारणा खोरं. ऊस, नदी, गावातली जुनी चावडी.)

आपल्याकडे ही भीती कायद्याच्या रूपाने आली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये नव्याने लिहिला गेला आणि मुंबई इलाख्यातही आला. आजच्या सातारा-सांगलीत मांग, रामोशी समाजातल्या माणसांना चावडीवर हजेरी द्यावी लागे. गुन्हा केलेला असो वा नसो, जन्म पुरेसा होता. पाहुण्यांकडे जायचं म्हटलं तरी परवानगी.

त्या कायद्यातलं एक कलम फारसं कुणी सांगत नाही. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून उद्योगशाळेत किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. जरा थांबून विचार करा. शाळेत घालणं, हात कामाला लावणं, शिस्त लावणं, सगळे शब्द चांगले. पण मूल घरातून उचललं जात होतं आणि आईला कुणी विचारत नव्हतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. संशयाने बघणारी नजर मात्र त्या तारखेला गेली नाही.

(दृश्य : सातारा, धनिणीची बाग.)

आता याच जिल्ह्यातली दुसरी बाजू. भाऊराव पाटील, म्हणजे आपले अण्णा, कोल्हापूरला जैन बोर्डिंगमध्ये शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर त्यांना अंघोळ करून आत या असं सांगितलं. त्यांनी नकार दिला. बोर्डिंग सुटलं. वसतिगृह माणसाला कसं वाकवू पाहतं, हे त्यांनी विद्यार्थी असतानाच भोगलं होतं.

१९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. स्वयंपाक मुलांनीच करायचा. ज्याच्या घरी दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तो इथं त्या दुसऱ्याच्याच हातची भाकरी खात होता. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, मुलांच्या वहिनींनी, मंगळसूत्रही विकलं.

इथंही घंटा होती, राबणं होतं, अण्णांचा दरारा होता. तो दरारा ही सत्ताच होती आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी मला फरक मोठा वाटतो. सुधारशाळा मुलाच्या घामातून आज्ञाधारक मजूर घडवू पाहत होती. कमवा आणि शिका या योजनेतल्या घामावर त्या मुलाचंच शिक्षण पुढं सरकत होतं. आणि मुलाला बोर्डिंगमध्ये त्याच्या घरच्यांनी विश्वासाने आणून सोडलेलं असे.

म्हणून १९४८ ची गोष्ट महत्त्वाची. गांधीहत्येनंतर अण्णांनी सरकारवर जाहीर टीका केली आणि संस्थेचं अनुदान बंद झालं. परक्यांच्या नव्हे, आपल्याच सरकारने हे केलं. बोलणाऱ्याला गप्प करायला मुलांच्या पोटाला हात घालता येतो, हे तेव्हा साऱ्या जिल्ह्याने पाहिलं. अण्णा झुकले नाहीत. लोक पाठीशी उभे राहिले आणि पुढं अनुदान पुन्हा सुरू झालं.

(दृश्य : आजचं एक वसतिगृह. जेवणाची वेळ.)

आज सातारा-सांगलीत ऊसतोड कामगारांची, धनगरवाड्यांवरची, भटक्या-विमुक्तांची मुलं वसतिगृहात राहून शिकतात. तिथं गेलात तर निकालाचा फलक जरूर बघा. मग अधीक्षकांना विचारा : जेवणात काय करायचं, हे ठरवताना मुलांना बोलावता का? आईला पोराला भेटायला कोणत्या वाराची वाट बघावी लागते? आणि भिंतीवरच्या त्या तक्रारपेटीची किल्ली कुणाच्या खिशात असते?