खुंट्याला दुसरा हात

राम कृष्ण हरी मंडळी, नमस्कार.

आत्ता हे ऐकताना तुमच्यातलं कुणी एकटंच कुकर लावून बसलं असेल, कुणी होस्टेलच्या रूमवर असेल, कुणी नाईट ड्युटीला गेटपाशी खुर्ची टाकून. मला आज तुमच्याशीच बोलायचंय.

मी माझंच सांगते. हे जाऊन आता दोन वर्षं होतील. लेक बंगलोरला नोकरीला आहे, रोज फोन करते, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दिवस निघून जातो हो, भाजी आणा, पासबुक भरून आणा, दुपारी जरा डोळा लागतो. पण संध्याकाळचे सात वाजले ना, की नको वाटायचं. हे सातला बाहेरून यायचे, दारात चप्पल काढल्याचा आवाज यायचा, ती वेळ झाली की कान आपोआप तिकडंच जायचे आणि मग ताट एकच वाढायचं. सगळे म्हणायचे देवाचं काहीतरी करा, मन रमेल. मी पोथी वाचली, माळ ओढली, पण खरं सांगते देवघरासमोर बसून मला जास्तच एकटं वाटायचं, देव तिकडं चौरंगावर आणि मी इकडं.

मला वाट सापडली ती जनाबाईमुळं. माझं माहेर गंगाखेडकडचं, परभणी जिल्हा, गोदेकाठ. जनीचं गाव तेच, त्यामुळं तिचं नाव लहानपणापासून कानावर होतं, पण ती कळली साठी ओलांडल्यावर.

जनी सातशे वर्षांपूर्वीची. लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी आली आणि जन्मभर तिथंच दासी म्हणून राहिली. घर भरलेलं होतं, नामदेव, त्यांची आई गोणाई, बायको राजाई, मुलं, सुना. आणि त्या भरल्या घरात ही एकटी. आई नाही, बाप नाही, आपलं म्हणावं असं माणूस नाही, असं तिनं स्वतःच अभंगात सांगितलंय आणि आता तूच सांभाळ म्हणून विठ्ठलाला म्हटलंय. एकटेपणा रिकाम्या घरातच असतो असं नाही बघा, सुनामुलांच्या घरात कोपऱ्यातल्या पलंगावर बसलेल्या किती जणींना मी काय म्हणतेय ते लगेच कळलं असेल.

आता जात्याचं सांगते. ज्यांनी जातं ओढलंय त्यांना माहितीय, जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, खुंटा एकच आणि त्याला हात दोघींचे, एक हात वैरण, म्हणजे मूठमूठ धान्य, घालायला मोकळा. दोघी असल्या की ओवी निघते, सुखदुःखाचं बोलणं होतं, दळण कधी सरलं कळत पण नाही. आपल्या बायकांनी जात्यावर गायलेल्या लाखावर ओव्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जमवल्यात, म्हणजे केवढं बोलल्या असतील त्या! पण एकटीनं दळायचं म्हणजे खांदा भरून येतो, आणि पहाटेच्या अंधारात सगळं घर झोपलेलं असताना तो घरघर आवाज फार ओकाबोका वाटतो.

जनी तिथं बसायची. आणि तिचा विठ्ठल तिथंच आला, दळायला. मला हे फार मोठं वाटतं. तो सोन्याची नाणी घेऊन नाही आला, दासीपण पण त्यानं सोडवलं नाही तिचं. समोर बसला आणि खुंट्याला दुसरा हात लावला. ‘झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी’, असं ती म्हणते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला, जिथं आषाढी पौर्णिमेला काला होतो ना, तिथं जनीचं जातं म्हणून दाखवतात. मी मागच्या साली तिथं हात लावून आले आणि खूप रडले.

अजून एक. जनी त्याच्याशी भांडायची पण. ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’, असं देवाला म्हणणारी ही दासी! मला आधी वाटायचं देवासमोर रडू नये, तक्रार करू नये, बरं दिसत नाही. पण घरच्या माणसावर नाही चिडायचं तर कुणावर चिडायचं?

तर घरी आल्यावर मी सासूबाईंचं जातं माळ्यावरून काढून घेतलं, पुसलं, समोर एक पाट ठेवला. सात वाजता थोडी डाळ भाजून घेते आणि मेतकूट दळत बसते. आणि बोलते, मोठ्यानं बोलते. बघ रे, आज गुडघा दुखतोय. बघ, लेक म्हणाली दिवाळीला सुट्टी मिळणार नाही. तुला काय पडलंय म्हणा! उत्तर येत नाही. आवाज येतो असं मी तुम्हाला सांगणार नाही, खोटं कशाला सांगू. पण समोरच्या पाटाकडं बघून बोलताना घर रिकामं वाटत नाही, हे मात्र अगदी खरं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ते चप्पल काढायचे ते आठवून मला हसू आलं, रडू नाही.

तुमच्याकडं जातं नसेल. कपड्यांच्या घड्या घालताना बोला, गेटवर बसल्या बसल्या बोला. तुमचा देव कुठला का असेना, विठ्ठल असो, येशू असो, अल्ला असो, त्याला देवघरातून, चर्चमधून, मशिदीतून जरा तुमच्या कामापाशी बोलवा. आणि झोपच लागत नसेल, जगणंच नको वाटत असेल तर गप्प बसू नका हं, घरातल्या कुणाला तरी सांगा, नाहीतर टेलिमानसचा सरकारी नंबर आहे १४४१६, फुकट आहे, फोन लावा. यात देवावरचा विश्वास कमी होत नाही.

बरं, माझी सातची वेळ होत आली. आज हरभऱ्याची डाळ भाजून ठेवलीय, थोडी जास्तच, बंगलोरला डबा पाठवायचाय. पाट पण मांडून ठेवलाय. राम कृष्ण हरी.